माझ्या नावाची सव्वा मूठ

१२ जून १९३८, रविवार. जळगाव

रात्र पुन्हा ओली. पहाटे सौ.नं न बोलता चादर ओढून घेतली. मी भिंतीकडे तोंड करून पडलो, झोपलोय असं दाखवत. तिला कळतं. मलाही कळतं की तिला कळतं.

आजपासून या वहीत ओ. म्हणजे ओला, को. म्हणजे कोरडा. उद्या कुणाच्या हाती वही लागली तर शोभा नको.

मुंबईच्या डॉक्टरनं होळीच्या सुमारास पोट फाडून लघवीच्या पिशवीखालची गाठ काढली. म्हणाला, पावसाळ्यापर्यंत पूर्ववत व्हाल. मृग लागलं. गाठ कर्करोगाची होती हे मला, सौ.ला आणि चि. वासुदेवला ठाऊक. गावाला मुतखडा सांगितलाय. मुतखडा म्हटलं की लोक कुळीथ सुचवतात आणि जातात. बरं पडतं.

१५ जून, बुधवार

ओ. तिखट बंद. फिकं वरण, फिकी भाजी. खानदेशात जन्मून ठेच्याशिवाय भाकरी खायची म्हणजे काय जिणं हे!

दुकानात गेलो होतो, पहिल्यांदाच. पंचा दुहेरी बांधून. गादीवर बसवेना, डाग पडेल ही धास्ती. शेजारचे हरकचंदशेठ आले. "नाना, तुमचा आवाज नाही तर बजार भरल्यासारखा वाटत नाही." लिलाव मीच पुकारायचो ना. अडतबाजारात मला तोफ म्हणत, पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची होती!

आज वासुदेवनं भुईमुगाचा नमुना न बघताच माल उतरवून घेतला. खाली निम्म्या शेंगा काळ्या. पोरगं माझ्याकडे बघत उभं राहिलं, आता बोलणी बसणार म्हणून. मी म्हटलं, "होतं असं." घरी आलो.

२१ जून, मंगळवार

ओ. पुष्कळ. खोकला झाला की संपलंच.

सौ.चा बिछाना आता माजघरात. मीच सांगितलं. वास येतो माझा मलाच, तिनं का सोसावा? ती म्हणाली, "मी काई म्हनली का?" नाही म्हणाली. म्हणूनच. बाकीचं ते सगळंही संपलं, ते वेगळं. त्याबद्दल कुणाशी बोलायचं? डॉक्टर नुसता म्हणाला, आता वय झालंच आहे. तो स्वतः माझ्यासारखा एकसष्टाचा झाला की असं बोलेल काय, बघतो.

२ जुलै, शनिवार

को., दुपारपर्यंत. मग ओ.

धुळ्याहून व्याही आले. "कसं शे नाना? बठ्ठं बरं शे ना?" म्हटलं, सगळं बरं शे. आणि सुपारी कातरत राहिलो. पूर्वी आम्ही दोघं बसलो की गल्ली जागी व्हायची, भांडतोय की हसतोय कळायचं नाही. आज ते चहा पिऊन लवकरच उठले. दारात सौ.ला हळूच विचारत होते, "नाना माह्यावर रागे भरनात का?" ती म्हणाली, "रागे भरले असते तर बरंच होतं."

ते ऐकलं. दिवसभर डोक्यात तेच.

१४ जुलै, गुरुवार

डाळ खारट. नुसती खारट नाही, तोंडात धरवेना इतकी. खाल्ली. सौ. समोर बसून बघत होती. "मीठ बरं हाये का?" म्हटलं, आहे. ती ताट घेऊन आत गेली आणि बराच वेळ आली नाही. भांडी आपटल्याचा आवाज.

मग ध्यानात आलं. मंगळवारी माझा चष्मा पाण्याच्या माठावर. काल टोपी उलटी घडी घालून. मुद्दाम करतेय बाई! चाळीस वर्षं माझ्या ओरडण्याला वैतागली, देवाला नवस बोलली की यांची जीभ आखूड कर. आता तेच ओरडणं उकरून काढतेय.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा सुंभ राहिला आणि पीळ गेला. राग येत नाही असं नाही. पोटापर्यंत येतो, तिथं टाके आहेत, तिथंच बसतो. फार थकायला होतं.

२४ जुलै, रविवार

ओ.

असोद्याहून आबांचा निरोप. थोरले भाऊ. आमच्या घरची देवी कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणार, सगळ्यांनी दोन दिवस आधी यावं. दरवर्षी कानबाईचा नारळ मांडताना आबांशेजारी मी बसतो. सोवळ्यात. यंदा कसा बसू? सौ.ला म्हटलं, तू आणि पोरं जा.

ती म्हणाली, "आनि रोट?"

रोट म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या. त्यांचे गहू घेताना घरातल्या एकेक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ सुपात पडते. मोठ्या वहिनी घेतात. आमच्या भाऊबंदांत मूठ म्हणजे हजेरी.

म्हटलं, "वहिनींना सांग, माझ्या नावाची यंदा घेऊ नका. मूठ पुरुषाची असते."

सौ. उठून आत गेली. संध्याकाळी दिवा लावताना म्हणाली, "तुमीच सांगा तुमच्या तोंडानं. माह्या तोंडून ते निघनार नाई."

२ ऑगस्ट, मंगळवार. असोदा

आलो शेवटी. सगळ्यांच्या आधी, बैलगाडीत गवताच्या गादीवर, म्हणजे धक्के कमी. तरी ओ.

वहिनींना गाठून सांगितलं. चुलीपुढं होत्या. सगळं नाही, एवढंच की माझी मूठ घेऊ नका, मला आता त्यात धरू नका. वाटलं थट्टा करतील. माझ्यापेक्षा दोन बोटं तिखट जीभ त्यांची, लग्न होऊन आल्या तेव्हापासून मला छळतात. पण नुसतं माझ्याकडे बघितलं. "बरं भाऊजी. तुमी म्हनता तसं." एवढंच.

मनासारखं झालं. मग बोचलं का?

५ ऑगस्ट, शुक्रवार

लिहितो.

सकाळी ओसरीत बायका गहू घ्यायला बसल्या. मी बाहेर ओट्यावर. आत दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. वहिनी नाव घेत आणि गहू सुपात पडत. आबांची. मग त्यांच्या भास्करची. मग आमच्या वासुदेवची. मग वासुदेवच्या तान्ह्याची. मी दवाखान्यात असताना जन्मलाय. "पायन्यातल्याची बी सव्वा मूठ." मग थांबल्या. मी वाट बघत होतो, हे मला तेव्हा कळलं. वहिनी म्हणाल्या, "झालं. उचल वं सूप."

पोटातून जे निघालं ते टाक्यांपाशी थांबलं नाही.

"माझी कुठाय?"

गोठ्यातला बैल उठून उभा राहिला. तान्हं किंचाळलं. मी ओसरीच्या दारात.

"मेलो का मी? आं? मूठभर गहू जड झाले या घराला?"

वहिनी शांत. "तुमीच तं म्हनले, नका घेऊ."

"मी म्हटलं म्हणून ऐकायचं? आजवर कधी ऐकलंय कुणी माझं या घरात!"

आणि बोलता बोलता पायावरून ऊन ऊन उतरलं. धोतर, पाय, उंबरा. सगळ्यांसमोर. सुना होत्या. भास्करची नवी बायको होती, लग्नाला चार महिने झालेत तिच्या. देवीचे गहू तिथंच, हातभर अंतरावर, आणि मी असा. धरणी दुभंगावी असं वाटतं म्हणतात, तसं खरंच वाटलं.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, उंबऱ्याकडे बघितलं. मग पाळण्याकडे हात केला.

"तो तरी कोरडा हाये का? त्याची घेतली ना मी?"

आणि मूठ भरली. माझं नाव मोठ्यानं घेतलं, पाळण्यातलं, आईनं ठेवलेलं. रामदासची. सव्वा मूठ.

कोणीतरी हसलं. बघतो तर सौ. तोंडाला पदर लावलेला, डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय. माझं टाळकं सरकलं. "हसतेस काय? दुसरं धोतर आण!" ती धावली. किती दिवसांनी धावली!

नंतर आडाजवळ आंघोळ करताना मी रडलो. आबा बाहेर उभे होते, कुणाला तिकडे येऊ देत नव्हते.

८ ऑगस्ट, सोमवार

काल नारळ मांडताना आबांशेजारी बसलो. नवं धोतर, आत चौपदरी फडकं. वहिनींनी बजावलं होतं, ओलं झालं तर उठायचं, न्हायचं, पुन्हा बसायचं, कानबाई काही पळून जात नाही. दोनदा उठलो. तिसऱ्यांदा उठलो नाही, कंटाळा आला. देवीनं समजून घ्यावं.

आज सकाळी विसर्जन. नदीपर्यंत चालवलं नाही, निम्म्यातून परत. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. वासुदेवला त्या भुईमुगाच्या नमुन्यावरून चार शब्द सुनावले, जुनं उकरून. पोरगं खाली मान घालून ऐकत होतं. चेहरा उजळलेला, गाढव!

हे टिकेल असं नाही. दुपारी पुन्हा तसाच पडून होतो, आढ्याकडे बघत. कुणी बोललं तर नको वाटत होतं.

११ ऑगस्ट, गुरुवार. पौर्णिमा. जळगाव

ओ. पण तेच ते काय लिहायचं.

आज रोट संपवायचे. बाहेरच्याला देता येत नाहीत, घरच्यांनीच खायचे. शेवटचा माझ्या ताटात. सुकून कडक झालाय. ठेचा मागितला. सौ. म्हणाली डॉक्टर. म्हटलं, डॉक्टर गेला खड्ड्यात. बोटाच्या टोकावर येईल एवढा दिला.

एक गोष्ट तिला सांगितलेली नव्हती. पंधरवड्यापासून कमरेत खाली, हाडात, दुखतंय. बैलगाडीचं नाही ते. मुंबईच्या डॉक्टरनं निघताना सांगितलं होतं, हाडात दुखलं तर ताबडतोब या. ते फक्त मला सांगितलं होतं.

बिछाना तिनं पुन्हा माझ्या खोलीत आणलाय. विचारलं नाही, आणलाच.

ती रोटाचे कण गोळा करत होती. मी हळू म्हटलं, "कमरेत दुखतंय."

हात थांबला तिचा. वर बघितलं नाही. "काय म्हनले? आयकू नाई आलं. मोठ्यानं बोला."

ऐकू आलं होतं तिला. मोठ्यानं सांगितलं.