पहिल्या हाकेला ओ

प्रिय आत्या,

सासूला पत्र लिहिणारी सून पाहिली होतीत का कधी? आणि तेही गेलेल्या सासूला! पण काल दुपारी तुम्ही मला हाक मारलीत. त्याबद्दल तुमच्याशी बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

"सुवार्तेऽ!" एकदाच. उसाच्या बाजूने. 'ते' असा वर ओढून दुसरं कोण हाक मारतं मला?

तुम्हाला जाऊन महिना उलटला. या महिन्यात ही हाक मी आधीही ऐकलीय, टळटळीत दुपारी, जळोचीचा रस्ता ओस पडलेला असतो तेव्हा. दर वेळी घरात शिरले आणि कडी लावून घेतली. शेजारच्या हौसाबाईंनी बजावलंच होतं, "येका हाकंला ओ द्यायची न्हाय, सुवार्ते. माणूस असंल तर तीनदा मारंल हाक. येकदाच मारतंय ते वंगाळ असतंय. म्हातारी तुला न्यायला आलीया."

तुम्ही मात्र जन्मभर पहिल्याच हाकेला "ओऽ, आले!" म्हणत धावलात. हौसाबाई रागवायच्या आणि तुम्ही हसायच्या. "प्रभू काय मला तीनदा हाक मारीत बसंल व्हय? त्याला का दुसरी कामं न्हाईत?"

मलाही हसू यायचं तेव्हा. मग ती दुपार आली. लोणी देवकरच्या कारखान्यातला माणूस कुंपणापाशी उभा राहिला आणि एकदाच म्हणाला, "मावशी!" बिचाऱ्याला पुन्हा हाक मारायचा धीर होईना. तुम्ही ओ दिलीत. तुमचा प्रकाश, माझा नवरा, कामावरून परतताना इंदापूरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता.

लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. म्हातारीनं मरणाला ओ दिली म्हणाले. तुमच्या कानावर आलं नसेल असं कसं म्हणू? बारामतीच्या दफनभूमीत ह्यांच्यावर माती टाकून आलो आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. मी तुमचा हात घट्ट धरला. तुमचे ओठ थरथरत होते. तरी तुम्ही ओ दिलीतच, फाटलेल्या आवाजात! दारात एक बोहारीण उभी होती, जुने कपडे आहेत का विचारत.

किती चिडले होते मी! तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "वाईट बातमी आली म्हून ओ द्यायचं सोडलं, तर उद्या चांगलं घिऊन आल्याला बी दारातनं माघारी जाईल की गं."

कुठे आलं हो चांगलं? मी वाट पाहिली. तुमचा गुडघा गेला, पत्रा गळायला लागला, मी लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागले. तुम्ही दर रविवारी काठी टेकत चर्चमध्ये उपासनेला, आणि मी तुमच्याशेजारी ओठ मिटून. सगळी मंडळी गायची, मी नुसती पुस्तकात बघत उभी. तुम्ही कोपराने ढोसायच्या. एकदा तरी प्रभूवर रागवायचं होतंत, आत्या! घरात रागावलेली मी एकटीच, याचं फार एकटं वाटायचं.

आणि तुमची शेवटची दुपार. अंगात ताप होता, मी कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. एकाएकी डोळे उघडून तुम्ही अगदी स्पष्ट म्हणालात, "ओऽ, आले!"

कुणीच हाक मारली नव्हती. मी दारात जाऊन पाहिलंसुद्धा. मागे फिरेपर्यंत तुम्ही गेला होतात. कुणी मारली होती हो हाक? मला का नाही ऐकू आली?

कालही माझा हात कडीवर गेला. मला मरणाची भीती वाटते, खोटं कशाला सांगू! पण तुम्ही उन्हात उभ्या आहात आणि मी तुमच्या तोंडावर दार लावतेय, हे काल सहन होईना. कितीतरी दिवसांनी प्रभूचं नाव घेतलं आणि ओरडले, "ओऽ, आले!"

बांधावरून आवाजाच्या रोखाने गेले. तिथे तुम्ही नव्हतात. कालव्याच्या कोरड्या चारीत हौसाबाई पडल्या होत्या. गवत कापताना पाय घसरला होता, घोटा मोडला होता, चेहरा पांढराफटक. संध्याकाळी त्याच चारीला पाणी सुटणार होतं. मी बोंबलून माणसं गोळा केली आणि त्यांना बाजेवर घालून दवाखान्यात नेलं.

आज सकाळी भेटायला गेले. जरा थट्टा केली, "काय हो हौसाबाई, आमाला तीन हाकांचं सांगता, आन तुमी सोता येकदाच मारलीत?"

त्या म्हणाल्या, "म्या? माझी तर दातखीळ बसल्याली, पोरी. म्या कुठनं हाक मारू?"

तशीच घरी आले आणि हे पत्र लिहायला बसले.

तुम्ही होतात की आणखी कुणी, ते मी विचारणार नाही. भीती गेलेली नाही. रागही गेलेला नाही. माझं घर असं रिकामं का केलंस, हे प्रभूला विचारायचं राहिलंय, आणि ते मी रोज विचारीन. पण तुम्हाला शब्द देते, आत्या, आता दार लावून घेणार नाही. हाक आली की आधी ओ देईन. मग भांडेन.

तुमची सून,
सुवार्ता