न बांधलेल्या पुलाच्या तीन कोनशिला

मी, इंदुमती विनायक पुणतांबेकर, वय वर्षे एकाहत्तर, राहणार इंद्रपुरी, भोपाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या डोक्याबद्दल माझ्या दिरांना पहिल्यापासून शंका आहे. मला कोणी धमकावलेले नाही की लाडीगोडी लावलेली नाही. याआधी एक मसुदा केला होता, पण सही होण्यापूर्वीच तो बदलावा लागला. का, ते पुढे येईल. तो मसुदा रद्द समजावा.

कलम १. माझे पती विनायक हयात नाहीत. मला समीर हा मुलगा आणि सुप्रिया ही मुलगी. सुप्रिया लग्नानंतर नाशिकला असते. दोघेही गुणी आहेत, फक्त एकमेकांना फोन करत नाहीत. माझ्यामागे करावा.

कलम २. टी. टी. नगरमधले 'पुणतांबेकर नामफलक' हे दुकान, आतल्या दगड कोरायच्या मशीनसह, समीरला द्यावे. विनायक कारखान्यात रंगखात्यात होते. नोकरी सांभाळून ते संध्याकाळी लोकांच्या घरांच्या पाट्या करत. अक्षरे मी काढून द्यायची, दगड कारागीर कोरायचा, रंग ते भरायचे. पुढे सरकारी कोनशिलांची कामे येऊ लागली आणि नोकरी सुटली. दुकानावर नाव त्यांचे, अक्षर माझे. याबद्दल तक्रार नाही, नोंद आहे.

समीर म्हणतो की पुढची वीस वर्षे इन्फ्राची आहेत. रोज पेपर वाचून दाखवतो: रस्ते, पूल, मेट्रो, किती लाख कोटी. आता त्याला आणखी मोठे मशीन घ्यायचे आहे. तो खोटे बोलत नाही. हबीबगंजचे जुने स्टेशन आठवते आणि आताचे राणी कमलापती पाहते, तेव्हा मलाही अभिमान वाटतो. बांधकाम होते आहे, नाही असे कोण म्हणेल? पण आमच्या दुकानात बसून या उद्योगाकडे पाहिले की थोडे निराळे दिसते. भूमिपूजनाची कोनशिला आधी लागते, लोकार्पणाची काम पुरे झाल्यावर. आमच्याकडे पहिल्या जातीचे दगड ओळीने उभे असतात आणि दुसऱ्या जातीचा एखादा येतो. साखरपुडे ढीगभर, लग्ने मोजकी. निवडणूक जवळ आली की आम्हाला जेवायला फुरसत नसते.

काम खरे असले की दगडावर मंजूर रक्कम असते, मुदत असते, आणि खात्याचा इंजिनिअर स्वतः येऊन मजकूर तपासून जातो. काम नुसते बोलाचे असले की पाहुण्यांची नावे तेवढी येतात, अगदी मानाच्या क्रमाने, आणि 'परवा सकाळी पाहिजे' अशी घाई. हे मला चहाच्या रंगावरून साखर कळावी तसे कळते. म्हणून समीरला माझे सांगणे आहे की रक्कम आणि मुदत नसलेला दगड कोरू नये. तो ऐकणार नाही. मीही कधी पाळले नाही, तर त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

कलम ३. माझे दागिने सुप्रियाला. पाटल्या जड आहेत, मोडून हलक्या करून घेतल्या तरी चालेल. माझे अक्षरांचे ब्रश आणि कागदही तिलाच. तिची मुलगी प्राजक्ता चित्रे काढते. ब्रश धुऊन ठेवायचे एवढे तिला शिकवावे.

कलम ४. माझे दीर श्याम यांना काही नाही. विनायकांच्या हयातीत ते मला 'पाट्या रंगवणारी' म्हणत. उज्जैनला बंगला बांधला तेव्हा त्याची पाटी त्यांनी दुसऱ्या दुकानातून करून घेतली. ती मी पाहिली आहे. 'श्याम'मधला श अर्धा आहे की पाव, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तिला हात लावू नये, तशीच राहू द्यावी.

कलम ५. घराच्या मागच्या अंगणातल्या फरश्या. इथपर्यंत लिहायला सोपे गेले. आता जे लिहायचे आहे, त्यासाठी चार दिवस टाळाटाळ केली.

कोनशिला तयार झाल्यावर कधी मंत्री बदलतो, कधी तारीख पुढे जाते, कधी समारंभ झाल्यावर मांडववाला दगड परत आणून टाकतो. त्याचे पैसे मिळालेले असतात, दगड कोणी मागत नाही. असे दगड आम्ही पालथे घालून मागचे अंगण केले. शाळा, दवाखाने, पाण्याची टाकी, सगळे खाली तोंड करून पडले आहे. विनायक गमतीने म्हणायचे, भोपाळचा विकास आपल्याच अंगणात झाला. मीही हसत असे. पाहुण्यांना सांगून हसवले आहे.

नळाजवळ, धुण्याचा म्हणून घातलेला दगड आहे, तो नाल्यावरच्या पादचारी पुलाचा. आमच्या गल्लीपुढच्या नाल्यापलीकडे वस्ती होती. तिथून गेंदाबाई माझ्याकडे धुण्याभांड्याला येत असे, समीरच्या लग्नाच्याही आधीपासून. एकटी बाई, गुडघ्याने अधू, पावसाळ्यात नाला भरला की मोठ्या रस्त्याने वळसा घालून यायची. त्या पुलाचे भूमिपूजन तीनदा झाले. तिन्ही कोनशिला आमच्याच दुकानातून गेल्या. पहिली ही नळाजवळ पालथी पडली आहे, तिच्यावर गेंदाबाई माझी धुणी आपटत असे. दुसरी मागच्या दाराची पायरी आहे. तिसरी दोन वर्षांपूर्वीची, तिचे अक्षर मी स्वतः काढले. त्यावर रक्कम नव्हती, मुदत नव्हती. नावे अकरा होती.

त्याच महिन्यात वस्तीतल्या लोकांना शहराबाहेर पक्की घरे मिळायची होती. ज्याला हवे त्याने मुदतीत नाव द्यायचे. घर चांगले होते, पण इंद्रपुरीपासून लांब. तिथून रोज इथे कामाला येणे शक्य नव्हते. पूल झाला तर वस्तीत राहणे परवडणार होते. गेंदाबाईने मला विचारले, कारण दगड माझ्या दुकानातून जातो म्हणजे आतली गोष्ट मला ठाऊक असणार असे तिला वाटे. बरोबरच वाटे.

"दीदी, इस बार तो बनेगा ना?"

मी म्हटले, बनेगा. पक्का बनेगा, असेसुद्धा म्हटले.

तिने नाव दिले नाही.

मला माहीत नव्हते असे नाही, आणि तिला बरे वाटावे म्हणूनही मी बोलले नाही. ती गेली तर मला दुसरी बाई शोधावी लागली असती. तिच्या हाताची सवय होती, माझी कंबर गेलेली, सूनबाई नोकरी करणारी. एवढ्यासाठी मी एका बाईचे हक्काचे घर घालवले. समीरला वाटायचे आई उगाच जिवाला लावून घेते. अरे, उगाच कसे? लाज वाटते मला. देवासमोर बसले तरी वाटते, आणि तिने चहाचा कप हातात दिला की जास्त वाटायची. गेल्या उन्हाळ्यात वस्ती हटवली. घरांची यादी तोवर बंद झाली होती. गेंदाबाई चुलत जावेच्या ओसरीवर पथारी टाकून राहिली आणि माझ्याकडे येत राहिली. मला एका शब्दाने बोलली नाही. तिला वाटत होते की मीही तिच्यासारखीच फसले.

या फरश्या माझ्या मृत्यूनंतर उकरू नयेत, विकू तर नयेतच. पण घरात येणाऱ्या नव्या सुनेला किंवा भाडेकरूला त्या कसल्या आहेत ते सांगावे, आणि सांगताना हसू नये.

कलम ६. घर समीरला, मागची खोली सोडून. त्या खोलीला गल्लीत उघडणारे वेगळे दार आहे, नळ आहे, मोरी आहे. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की ती खोली माझ्या पश्चात गेंदाबाईला कायमची द्यावी. लिहून झाल्यावर मला फार हलके वाटले. वाटले, फिटले. एका दुपारी तिला समोर बसवून सगळे हिंदीत वाचून दाखवले, पाचवे कलमही. 'मैंने झूठ बोला था' हे म्हणताना माझी मान वर होईना. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. खोलीचे कलम तेवढे तिने पुन्हा वाचायला लावले. मग विचारले,

"दीदी, बाद में मतलब कब?"

मी आणखी दहा वर्षे जगेन, समीर तेव्हा काय म्हणेल, ती स्वतः असेल की नाही. तिच्या हातात मी पुन्हा तेच ठेवत होते, फक्त या वेळी कागदावर.

म्हणून पहिला मसुदा फाडला. समीर चिडला, लोक हसतील म्हणाला, कामवालीला खोली कोण देतो म्हणाला. मी त्याला पाचवे कलम वाचायला दिले. त्याने ते वाचले आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढून मला रजिस्ट्रारच्या ऑफिसात नेले. मागची खोली मी रजिस्टर बक्षीसपत्राने गेंदाबाईला दिली आहे. ती आता माझ्या मालकीची नाही, सबब या मृत्युपत्रात तिची कोणतीही व्यवस्था नाही. तिच्या दाराला गेंदाबाईचे कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे मागू नये.

कलम ७. बँकेतल्या ठेवी दोन्ही मुलांना समान. माझे दहावे-तेरावे थोडक्यात करावे. माझ्या नावाचा दगड, पाटी, फलक कुठेही लावू नये, दुकानातसुद्धा नाही.

कलम ८. हे कलम सहीच्या दिवशी घातले आहे. गेल्या आठवड्यात आपल्या खोलीत सामान लावून झाल्यावर गेंदाबाई पुढच्या दाराने आत आली. एरवी ती मागून येते. उभ्यानेच म्हणाली, "दीदी, अब मैं आपके यहाँ काम नहीं करूँगी।" समोरच्या रांगेत दोन घरे धरली आहेत म्हणाली. मी बरे म्हटले. तिने नमस्कार केला नाही आणि मला तो नको होता.

यावरून माझ्या घरातल्या, नात्यातल्या कोणीही तिला कृतघ्न म्हणू नये. भिंतीपलीकडून ती रोज दिसेल, तिला टोमणा मारू नये, सणाला ताट पाठवून मिंधे करू नये. ज्या बाईला अडकवून ठेवण्यासाठी मी खोटे बोलले, ती आता कामाला नाही. सकाळी मी स्टूल घेऊन मोरीत बसते आणि माझी भांडी मी घासते. कंबर दुखते. ती दुखणारच होती.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, मी खालील दोन साक्षीदारांसमोर त्यावर सही केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, चहा मिळाला.

सही: इंदुमती विनायक पुणतांबेकर

साक्षीदार:
१. पराग लघाटे, शेजारी, इंद्रपुरी
२. सुचेता मोघे, निवृत्त शिक्षिका, इंद्रपुरी

स्थळ: भोपाळ
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६