क्रॅडकचं नाव आधी

राजधानी,
६ फेब्रुवारी १९९४

ती. स्व. ओझेलाताईस,
आलोन्झोचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या गोड वड्या पोचल्या. निम्म्या विधानसभेतल्या माझ्या शेजारच्या बाकावरच्या सभासदानेच संपवल्या, तेव्हा पुढच्या वेळी त्यालाही धरून कर.

आता मुद्द्याचं. लॉरेल फोर्क कॉलेज राज्याच्या मोठ्या विद्यापीठात विलीन करायचं, असं शिक्षण समितीच्या मनात पक्कं दिसतंय. सुरुवात नर्सिंगपासून, म्हणजे ते बंदच. आपल्या काळ्या लोकांनी ऐंशी वर्षं जपलेलं कॉलेज, ते एका ओळीत पुसलं जाईल. ते स्वतंत्र राहावं म्हणून मी विधेयक मांडलंय, पण आम्ही सगळे डेमोक्रॅट एक झालो तरी सहा मतं कमी पडतात.

परवा एक रिपब्लिकन माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला की मी सात जण आणतो. अट एकच. विधेयकावर त्याचं नाव आधी, माझं नंतर, म्हणजे त्याच्या माणसांना मत देताना तोंड लपवावं लागणार नाही. दुसरी अट नव्हे, विनंती आहे : समितीपुढे तू बोलावंस.

ताई, त्याचं नाव वेंडेल क्रॅडक. हो, त्याच क्रॅडकचा मुलगा. तू नको म्हणालीस तर मीही त्याला नको म्हणेन.

धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आलोन्झो


लॉरेल फोर्क,
११ फेब्रुवारी

चि. आलोन्झोस,
ओझेलाचे अ. आ.

तुझं पत्र कॉलेजच्या स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि मक्याचा पाव करपला. तीनशे पोरांनी करपट खाल्लं, ते पाप तुझ्या माथी.

१९६० साली तू तेरा वर्षांचा होतास आणि आईने तुझ्यापासून बरंच झाकलं, म्हणून सांगते. आम्ही अकरा जण गावातल्या दुकानात, गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरवर जाऊन बसलो आणि कॉफी मागितली. कॉफी मिळाली नाही, नऊ दिवस तुरुंग मिळाला. सुटून आलो तर थोरला क्रॅडक प्राचार्यांच्या खोलीत ठाण मांडून बसलेला. या अकरा जणांना काढा, नाहीतर विधानसभेत कॉलेजचं अनुदान मी रोखतो, असं त्याचं म्हणणं. प्राचार्य टल सरांनी सही केली. मग एकेकाला बोलावून स्वतः सांगितलं. नर्स व्हायला मला चार महिने उरले होते रे. पुढची चौदा वर्षं मी सिनसिनाटीत परक्यांच्या चादरी धुतल्या.

आणि थोरला क्रॅडक तेव्हा तुझ्याच पक्षाच्या बाकावर बसायचा, हेही विसरू नकोस.

त्यांचं नाव आधी आणि आपलं मागून, हे आपण जन्मभर केलंय. मतं हवीत तर खुशाल घे. मी यायची नाही.

रागावलेली, पण तुझीच,
ओझेला


राजधानी,
१७ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि क्रॅडककडे गेलो. त्याला सरळ विचारलं की तुला यात पडायचं कारण काय.

त्याच्या मतदारसंघात एकच दवाखाना आहे, तिथे पाच नर्स, त्यातल्या चार लॉरेल फोर्कच्या. बाकी कुठलं पोरगं त्या कोपऱ्यात टिकत नाही म्हणाला. दोन वर्षांपूर्वी त्याची आई गेली, ती त्यांच्यातल्याच एकीच्या हातात. माझे लोक तुमच्या प्रेमापोटी मत देणार नाहीत, म्हणाला, सुई टोचायला माणूस उरावं म्हणून देतील, आणि मला तेवढं पुरे आहे.

तुझं नाव त्याला ठाऊक होतं. आईचं कपाट आवरताना बापाच्या कागदांत अकरा नावांची यादी त्याला सापडली. तू बोलावंस असं का, तेही विचारलं. म्हणाला, मी बोललो तर माफी मागून मोकळा झाल्यासारखं दिसेल. ती बोलली तर सभागृहाच्या नोंदीत जाईल, आणि ते मग कुणाला खोडता येणार नाही.

मी आग्रह करत नाही. फक्त कळवतो.

आशीर्वादाच्या भरवशावर,
आलोन्झो


लॉरेल फोर्क,
२२ फेब्रुवारी

चि. आलोन्झोस,
अ. आ.

आज दुपारी नर्सिंगच्या पोरी जेवायला आल्या, पांढरे गणवेश, हातात ताटं. त्यांना वाढता वाढता माझा हात थांबला. एकीने विचारलं की मावशी, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, वाटतंय, तू पुढे हो.

मी येते. पण भाषण मला कुणी लिहून द्यायचं नाही. ती अकरा नावं मी पुरती घेणार, गेलेल्या चौघांसकट. क्रॅडकला सांग की तुझ्या बापाचं नावही घेणार. आणि तू तो पिवळा टाय घालू नकोस, त्यात तू विमा विकणारा दिसतोस.

काळजी घे, जेवत जा.

ओझेला


राजधानी,
२३ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

विधेयक मंजूर झालं! दोन मतांनी. लॉरेल फोर्क लॉरेल फोर्कच राहील, नर्सिंगसकट. राज्यपाल सही करतील असा निरोप आहे.

त्या दिवशी परतताना गाडीत सांगायचं राहिलं. समितीपुढे बोलताना मागच्या बाकांकडे तुझी पाठ होती, म्हणून तुला न दिसलेलं सांगतो. तू पहिलं नाव घेतलंस तेव्हा क्रॅडक मागे उठून उभा राहिला. अध्यक्षांनी खाली बसायला सांगितलं, तर म्हणाला की यांचं संपलं की बसतो. त्याच्या बापाचं नाव आलं तेव्हाही तो तसाच उभा होता.

त्याने कबूल केलेल्या सातांपैकी एक ऐन वेळी फिरला. आमच्याकडचे तिघे डगमगत होते, त्यांनी मत टाकायचं टाळलं असतं तर बुडालो असतो, पण टाळलं नाही. क्रॅडकला मात्र महागात पडणार. त्याच्याच पक्षाने जूनच्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्याच्यासमोर दुसरा उमेदवार उभा केलाय, आणि तो गावोगाव सांगत फिरतोय की क्रॅडक आता ‘त्यांचा’, म्हणजे आपला, झाला. मी वेंडेलला म्हटलं की वाईट वाटतंय. तो म्हणाला, तुम्ही माझ्या बाजूने बोलू नका, त्याने अजून दहा मतं जातील.

टाय निळा होता, पाहिलास ना?

तुझा,
आलोन्झो


लॉरेल फोर्क,
१२ जून

चि. आलोन्झोस,
अ. आ.

क्रॅडक हरला, हे तुला माझ्याआधी कळलंच असेल. पण मी जे केलं ते कुणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक, आणि ओरडू नकोस.

नदीपलीकडचं आपल्या लोकांचं माउंट नेबो चर्च त्याच्या मतदारसंघात येतं. गेल्या महिन्यात एका रविवारी तिथे जाऊन मी उभी राहिले. त्यांना म्हटलं की या राज्यात कुणालाही कुठल्याही पक्षाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत मत देता येतं. यंदा तुम्ही रिपब्लिकनांच्या रांगेत उभे राहा आणि क्रॅडकला मत द्या. हेस्टर मावशी, नव्वदीच्या, काठी टेकत उठल्या आणि मला विचारलं की कुणाचा पोर तो? मी सांगितलं, त्याचाच. मग म्हणाल्या की ओझेला, त्या रांगेत उभं राहायला मला लाज वाटेल, तेव्हा तू बरोबर ये. मी गेले. त्या मतदारसंघात मत मला नव्हतं, पण दारापर्यंत त्यांचा हात धरून चालले.

मतमोजणीत त्याला तीनशेच्या आसपास मतं कमी पडली. पण आपल्या माणसांच्या त्या एका केंद्रावर त्याला तिघांखेरीज सगळ्यांनी मत दिलं.

ते तिघे कोण, मला ठाऊक आहे. त्यांना मी बोल लावणार नाही.

तुझ्यावर जीव आहे, हे लिहायला लागू नये, तरी लिहिते.

ओझेला