गाडी मूळ मापाचीच आहे

ती. ताईस,

गुडघे हल्ली वाकत नाहीत, म्हणून हा नमस्कार कागदावरच वाकून केला आहे असं समज. तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला? (त्यावर त्यांनी स्वतः शोधून काढलेला उपाय मला तिसऱ्यांदा कळवू नये, एवढं त्यांना सांग.) परवा फोनवर तू हसत हसत विचारलंस की मी त्या खोलीत दार लावून नक्की करतो तरी काय. असल्या प्रश्नाला फोनवर उत्तर देता येत नाही, शिवाय उत्तर द्यायच्या आत तू कुकर बंद करायला गेलीस. म्हणून लेखी.

गेल्या अकरा महिन्यांत मी माझ्या हाताने केलेल्या वस्तू अशा: अठरा मिलिमीटर प्लायवुडच्या दोन बाजू, वळणासकट (वळण एका दमात कापलेलं आहे, कानस मारून लपवलेलं नाही), खुर्ची एक, आत काथ्या, वर काळं रेक्झिन, शिवण माझी, स्टिअरिंगचा दांडा आणि तो धरणारा लोखंडी पाळणा, अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पायपट्ट्या, एक ॲक्सिलरेटरची, एक ब्रेकची, वायरिंगला दिलेले एकशे चौदा डाग (शर्टावरचे वेगळे), पडद्यावरच्या पाटीची अक्षरं, ब्रशने रंगवलेली, आणि पितळेची टोकनं, नग बारा. यातलं एकही काम मला कोणी शिकवलेलं नाही. दिवसभर मी ऑफिसात विम्याचे दावे तपासतो, म्हणजे लोकांचं मोडलेलं मोजतो. घरी येऊन काहीतरी धड उभं करावंसं वाटलं, एवढंच.

या सगळ्याची बेरीज म्हणजे आपलं मशीन. सिनेमागृहाच्या जिन्याखालच्या पार्लरमधलं, आत बसून चालवायचं, गाडीच्या शर्यतीचं. ते पार्लर केव्हाच गेलं, तिथे आता चष्मे विकतात. मालक वारला. ते मशीन डोळ्यांनी पाहिलेली, माझ्या माहितीत, दोनच माणसं उरली आहेत. एक हे पत्र लिहितो आहे, दुसरी वाचते आहे.

आता हे कशासाठी, तेही सांगून टाकतो. जुन्या मशीनांच्या शौकिनांचं एक मंडळ आहे. हुबेहूब प्रतिकृती केली, तर ते आपल्या वहीत तिची नोंद घेतात आणि मशीनवर एक पितळी पट्टी ठोकतात. पट्टीवर ‘कारागीर’ असं लिहून पुढे नाव. मला ती पट्टी हवी आहे. बावन्न वर्षांत माझं नाव पगारपत्रक आणि विजेचं बिल सोडून कुठेही छापलेलं नाही, आणि बिलावर तेही चुकीचं.

नकाशे इंटरनेटवर मिळतात, असं मला आजवर नऊ जणांनी सांगितलं. मिळतात ना. कुणीतरी कुठल्यातरी मशीनला टेप लावून काढलेले. शेजाऱ्याच्या पायाचं माप देऊन आपले बूट शिवून घेणारी ही जमात. मला आपलं मशीन हवं होतं, आणि त्याचं माप माझ्या अंगात होतं. डोकं विसरतं, अंग विसरत नाही. मी खोलीच्या मधोमध स्टुलावर डोळे मिटून बसलो, हात पुढे केले, आणि एकेक आठवत गेलं. स्टिअरिंगची वरची कड हनुवटीला. हात पूर्ण ताणले तरच ते धरता येतं. पडदा एवढा, की मान वळवल्याशिवाय दोन्ही कडा दिसत नाहीत. टोकनाची फट उभं राहिलं की खांद्याशी. टोकन तळहातभर. पायपट्टी आणि माझा पाय यांच्यात एक वीत. तुझी भावजय जागोजाग खडूने खुणा करत होती. पहिल्याच खुणेला तिने विचारलं, “अहो, तेव्हा तुम्ही आठ वर्षांचे होतात ना?” मी म्हटलं, होतो, म्हणूनच इतकं पक्कं लक्षात आहे. त्यावर ती खडू जरा जोरात ओढायला लागली. (पडदे शिवताना दर खेपेला वीतभर कापड जास्त कापणाऱ्या बाईने मापाविषयी बोलू नये, असं माझं मत आहे. मनात ठेवलेलं.)

पुढे जे भेटले ते एकाहून एक. भंगारवाल्याकडे मी मोटारींची चौदा स्टिअरिंगं हातात धरून पाहिली, सगळी खेळण्यातली वाटली. शेवटी कोपऱ्यातलं बसचं उचललं आणि अंगावर काटा आला. तेच ते. भंगारवाला विचारतो, बस कुठे उभी केलीय? मोठ्या फळ्या कापायला एका सुताराचं टेबल वापरलं (त्याला सगळे ‘होईल-होईल’ म्हणतात, कारण त्याचं काम त्या दोन शब्दांच्या पुढे जात नाही). माझ्या टोकनाच्या फटीकडे बघून तो म्हणाला, पत्रपेटी छान झालीय. खुर्ची पाहून म्हणाला, नवरा-बायकोने बसायचं ना? ज्याच्या स्वतःच्या दुकानाचं दार तीन वर्षं घासतंय, त्याच्याशी काय बोलणार?

मशीन उभं राहिलं तेव्हा उंची भरली सात फूट नऊ इंच. छताचा पंखा काढावा लागला. तुझ्या भावजयीचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात गेलं, आणि त्यापाठोपाठ ती स्वतःही, दोन दिवस अबोला धरून.

मग मंडळाचे तपासनीस आले. या गृहस्थांकडे घरी अकरा अस्सल मशीनं आहेत आणि दहाही नखं स्वच्छ आहेत, यावरून काय ते समज. विकत घेणं यालाच ते छंद म्हणतात. आल्या आल्या खिशातून टेप काढला. सव्वीस मापं घेतली, आणि प्रत्येक माप लिहिताना नाकातून बारीकसा आवाज काढला, जणू वास येतोय. मग कॅल्क्युलेटर. मग चष्मा पुसणं. मग म्हणाले, “काम उत्तम आहे. सगळं अगदी प्रमाणात आहे. फक्त सगळं जवळजवळ दीडपट आहे.” दीडशहाण्याला दुसरं काय दिसणार? पुढे त्यांनीही विचारलंच, की मी तेव्हा किती वर्षांचा होतो. आत स्वयंपाकघरात भांडं पडल्यासारखा आवाज झाला. भांडं पडलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मी त्यांना शांतपणे समजावलं. म्हटलं, साहेब, त्या मशीनवर टेप खेळायचा की माणूस? माणूस आत बसल्यावर ते जेवढं मोठं होतं, तेवढं त्याचं मूळ माप. तुमच्या नकाशाप्रमाणे केलं तर माझे गुडघे माझ्या कानांना लागतील. त्याला शर्यतीची गाडी म्हणत नाहीत, बाबागाडी म्हणतात. ते म्हणाले, मुद्दा विचार करण्यासारखा आहे. आणि अर्जावर ‘नामंजूर’ असं लिहिलं. अक्षरही काही खास नव्हतं.

असो. असल्या लोकांच्या शेऱ्यावर माझं काही अडत नाही. तू पाठीला शेक घेत जा. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. – अडतं असं नाही, पण मंडळाचा सातवा नियम असा आहे, की मूळ मशीन पाहिलेल्या व्यक्तीने लेखी साक्ष दिली तर फेरतपासणी होते. सोबत कागद जोडला आहे. मजकूर मीच लिहिला आहे: ‘मशीन एवढंच मोठं होतं.’ खाली फक्त सही करायची. तू तेव्हा बारा वर्षांची होतीस आणि ताडमाड होतीस, हे कुठेही लिहायची गरज नाही.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवून पुन्हा उघडलं. सही करू नकोस. न बघता सही करणारी माणसं मी ऑफिसात रोज पाहतो. तू ये आणि बघ, मग लहान वाटलं तर लहान म्हण, मोठं वाटलं तर मोठं म्हण. दुसरी एक अडचण आहे. मशीन तयार आहे, वीज आहे, टोकन पडतं, पडद्यावर रस्ता येतो, पण गाडी एकदाही धड चाललेली नाही. माझा पाय पट्टीला पोचत नाही. होईल-होईल म्हणतो, पट्टीवर लाकडाचा ठोकळा ठोका. म्हणजे अकरा महिने खरं वागून शेवटी खोटेपणा करा. पाय पोचत नव्हता, हे मला नक्की आठवतं. मग आपण गाडी चालवायचो कशी, हा विचार मी चार दिवस केला आणि पाचव्या दिवशी घाम फुटला. तू खाली उकिडवी बसायचीस आणि दोन्ही हातांनी पट्टी दाबायचीस. “तू रस्ता बघ, पायांचं मी बघते.” तिथल्या गुणांच्या यादीत तिसरा नंबर माझा होता, असं मी चव्वेचाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. तुझ्या भावजयीने, मी बसते खाली, असं आपणहून सांगितलं. करून पाहिलं. तिला वळणावर सोडायचं कळत नाही. खाली जागा ऐसपैस आहे, पाठीसाठी उशी ठेवली आहे. येताना मात्र हे भाऊजींना सांगू नकोस.

ता. क. तिसरा – तपासनीसांचं राहिलंच. ‘नामंजूर’ लिहून झाल्यावर म्हणाले, एकदा बसून बघतो. खुर्चीवर हात टेकून चढावं लागलं त्यांना. पाय लोंबकळले. थोड्या वेळाने बूट काढून ठेवले. चहा दोनदा गरम करावा लागला, माणूस उतरेना. स्टिअरिंग धरून बसले होते, आणि तोंडाने गाडीचा आवाज काढत होते असं तुझी भावजय म्हणते, मी शपथेवर सांगणार नाही. शेवटी उतरले, जिना अर्धा उतरून गेले आणि परत वर आले. म्हणाले, मशीन मला द्या, आहे असंच, एक इंचही कापायचं नाही, वर तुमच्या नावाची पट्टी मी स्वतःच्या खर्चाने लावतो. मी विचारलं, तुमच्या घरी खाली बसून पट्टी दाबणारं कुणी आहे? म्हणाले, नाही, मी एकुलता एक. मग मी नको म्हटलं. एक लाख ऐंशी हजार देत होते.