आवाजाचे साधन सापडले नाही

तीर्थरूप काकांना नमस्कार (वाकून केला आहे असं समजावं, टेबल आणि पलंग यांच्यात तेवढी जागा नाही).

तुमचा गुडघा कसा आहे? काकूंनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करता की करतो असं सांगता, हे मी विचारत नाही. इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. आईचा रक्तदाब तपासून झाला, आकडे चांगले आहेत. बाबांची तब्येतही चांगली आहे, असं ते स्वतः सांगतात. या वाक्याकडे मी नंतर परत येईन.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि ऐकलेलं तासाभरात बाबांना कळवता. हा आरोप नाही, निरीक्षण आहे.

विषय असा. गेले तीन रविवार तुमचा आणि बाबांचा तो गाड्यांच्या शर्यतीचा खेळ झालेला नाही. इकडे बाबा गाडी चालवणार, तिकडून तुम्ही नकाशा बघून वळणं वाचणार, हा तुमचा चार वर्षांचा नेम. तो खेळ आता सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर चौकट येते : ‘आवाजाचे साधन सापडले नाही. खेळ सुरू करता येत नाही.’ तुम्हाला बाबांनी ‘कॉम्प्युटर बिघडलाय’ इतकंच सांगितलं असेल. तुमचा विश्वास बसला नसेल, हे आईच्या फोनवरच्या तुमच्या आवाजावरून कळलं. पण चौकट खरोखर येते. मी तिचे तीन फोटो काढून घेतले आहेत.

पहिल्या रविवारी मी कामावर होते. (हॉस्पिटलमधल्या यंत्रांची तपासणी रविवारी असते. खाटेशेजारच्या यंत्राचा भोंगा वाजला तर तो नर्सला किती अंतरावरून ऐकू जातो, हे मोजणं माझं काम. हेही लक्षात ठेवावं, मला स्वतःला ते लक्षात राहिलं नाही.) आईने फोटो पाठवला. सोमवारी संध्याकाळी मी बसले. हेडफोनची वायर बदलली, आवाजाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, खेळ सुरू केला. लगेच चालला. इंजिनाचा आवाज इतका स्वच्छ की आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अगं, गाडी बंद कर, धूर येईल.’ मी वहीत लिहिलं : दोष दूर.

दुसऱ्या रविवारी पाच वाजता पुन्हा तीच चौकट. सोमवारी पुन्हा सगळं ठीक. मी काही बदलायच्या आतच ठीक. आपोआप येणारा दोष मला समजतो, आपोआप जाणाराही समजतो. पण कॅलेंडर बघून येणारा दोष मी अजून शिकलेले नाही. मी उष्णता तपासली, वीजदाब तपासला, रविवारी शेजारी कुठलं यंत्र चालू होतं का तेही विचारून आले. (शेजारीण म्हणाली मिक्सर. मी तो बुधवारी मुद्दाम चालवायला लावला. काही झालं नाही, फक्त आता ती जिन्यात भेटली की लवकर निघून जाते.)

मग आईने कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. आम्ही त्याला ‘फॉरमॅट’ म्हणतो, कारण कुठल्याही आजारावर त्याच्याकडे तो एकच उपाय आहे. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाला, ‘ताई, फॉरमॅट मारावा लागेल.’ आईने विचारलं, ‘बाकी काही येतं का रे तुला?’ तो म्हणाला, ‘येतं की मावशी, पण त्यानंतरही फॉरमॅटच लागतो.’ या सगळ्यात बाबा खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होते. एकदाही वर बघितलं नाही. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस घरात यंत्र उघडलं जात असताना वर बघत नाही, ही नोंद मी तेव्हाच करायला हवी होती. केली नाही.

तिसऱ्या रविवारी मी रजा काढली. पावणेपाचला चहा घेऊन आत गेले, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर बाबांची नोकरीतली पत्र्याची पाटी अडकवलेली : ‘दुरुस्ती चालू आहे. वापर करू नये.’ बाबा म्हणाले, ‘अगं, ते आवाजाचं लफडं आलंय परत.’ पाच वाजता मी पाटी बाजूला करून खेळ सुरू केला आणि चौकट आली. मी मान डोलावली आणि चहा संपवला. मग लक्षात आलं की खेळ सुरू केल्याशिवाय चौकट येत नाही, आणि खेळ मी सुरू केला होता. पाटी बिघाडाच्या आधी लागली होती. तुम्हाला त्यांची शिस्त माहीत आहे : आधी पाटी लावायची, मग वीजपुरवठा तोडायचा, मग कामाला हात घालायचा. माणूस निवृत्त होतो, हात होत नाहीत.

मी कॉम्प्युटरची नोंद उघडली. आवाजाचं साधन तिन्ही रविवारी पाचच्या आधी हाताने बंद केलेलं होतं, आणि आधीच्या दोन रविवारी सहानंतर हाताने चालूही केलेलं. त्या वेळी घरात आई (तिला कॉम्प्युटर फक्त पुसता येतो) आणि बाबा.

त्यांना मी काही बोलले नाही. ‘किचकट दिसतंय, वेळ लागेल,’ एवढंच म्हटलं. ते म्हणाले, ‘लागू दे, घाई काय.’ आवाजात बरं वाटल्याची छटा होती.

आता तुम्हाला विचारते, चौकट पहिल्यांदा आली त्याच्या आधीच्या रविवारी काय झालं होतं? आई सांगते, तुम्ही ‘डावीकडे’ म्हणालात आणि बाबा गाडीसकट तळ्यात गेले. दोनदा. मग तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, ‘दादा, कान भाड्याने दिलेस का?’ आणि तुमच्याकडची मुलं हसली.

काका, मला वाटतं त्यांना ऐकू येत नाही. जेवताना आई त्यांच्या डाव्या हाताला बसते, आणि तिच्या तीन प्रश्नांपैकी दोनांना उत्तर येत नाही. मी तीन दिवस मोजलं. निष्कर्ष : डावा कान. बहिरं कॉम्प्युटरने व्हावं आणि आपल्याला कुणी विचारू नये, एवढाच त्यांचा बेत दिसतो. पण त्यात रविवार जातोय. पाच वाजले की ते खुर्चीत बसून बंद पडद्याकडे बघतात.

बाकी सर्व क्षेम. काकूंना नमस्कार.

आपली पुतणी

ता. क. : पत्र खरं यासाठी लिहिलं. येत्या रविवारी तुम्ही चालवा आणि वळणं त्यांना वाचू द्या. गुडघा दुखतो, नकाशा धरून बसवत नाही, असं काहीही सांगा. खोटं बोलणं तुम्हाला जमतं, व्यायामाच्या बाबतीत ते सिद्ध झालं आहे.

ता. क. २ : कानाच्या डॉक्टरांकडे बुधवारची वेळ घेतली आहे. मी सांगितलं तर येणार नाहीत. ‘मी माझे तपासून आलो’ असं तुम्ही सांगितलं तर येतील. मी हे कळवल्याचं त्यांना कळू देऊ नये.

ता. क. ३ : तुझा पत्ता घालायला पोरीने पाकीट माझ्याकडे दिलं, उघडंच. डावा नाही, उजवा. हेडफोन त्याच एका कानावर लावतो, म्हणून तुझी वळणं येत नाहीत. डाव्याने सगळं ऐकू येतं. तुझ्या वहिनीला मी उत्तर देत नाही, तो भाग वेगळा. बुधवारी जाऊन येतो. रविवारी पाचला बस, वळणं मी वाचतो. हळू चालव. — दादा