नोवेलेच्या नावाचं मरण

न्कोबो,
१४ मार्च २००३

चि. म्झवांडिले यास अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, अक्षर माझंच आहे. सरकारदरबारी मात्र मी वारले. पेन्शनच्या रांगेत उभी होते, तर खिडकीतली पोर संगणकाच्या पडद्याकडे बघून चाचरत म्हणाली, आजी, तुमचं अनुदान थांबवलंय, तुम्ही मयत आहात. मी म्हटलं, मग घाम का फुटला तुला, भूत दिसतंय का?

घोळ असा झालाय. आपली नोवेले गेली तेव्हा नोंद करणाऱ्याने तिच्याऐवजी माझा ओळख क्रमांक लिहिला. जुळ्या बहिणी, जन्मतारीख एक, दोघी विधवा, घरही एकच. त्याला काय फरक? आता मी मेलेय आणि नोवेलेचं पेन्शन सुरू आहे.

कचेरीतला कारकून मायाळू आहे. दार लोटून म्हणाला, आजी, कशाला वणवण करता? नोवेलेच्या नावावर तुमचे ठसे घेतो, महिनाभरात पैसे चालू. मी उठून आले. तिची दोन्ही नातवंडं माझ्याच पदरात आहेत. मक्याचा भरडा संपत आलाय.

प्रकृतीला जप.
तुझी ताई,
नोझुको

पोर्ट एलिझाबेथ,
२ एप्रिल २००३

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आधी खूप हसलो, मग ताट सारून पत्र पुन्हा वाचलं. लोकरीच्या गोदामातला माझा पगार तुला ठाऊक आहे. जमेल ते पाठवतोच. पण ताई, एक सांगतो, चिडू नकोस. कारकुनाचं ऐक. लहानपणी आईसुद्धा तुम्हा दोघींत चुकायची आणि एकीच्या खोडीचा मार दुसरीला बसायचा. सरकार चुकलं तर नवल काय? नोवेले असती तर तीच म्हणाली असती, घे गं माझं नाव, पोरांना जेवू घाल. इथे लोक सांगतात, अशी दुरुस्ती व्हायला वर्षंही जातात. हट्ट पोटाला परवडत नाही.

लोभ आहेच, तो कमी करू नकोस.
तुझा,
म्झवांडिले

न्कोबो,
२० एप्रिल २००३

चि. म्झवांडिले यास आशीर्वाद.

तू पाठवलेलं पोचलं. सल्ला मात्र परत करते.

तू लहान होतास, म्हणून तुला आठवत नसेल. क्वीन्सटाउनला नोवेले स्वयंपाकाला होती. मालकिणीला आपली नावं उच्चारता येईनात, तिने सरळ मेरी म्हणायला सुरुवात केली. नोवेलेने ओल्या हातांनी एप्रन काढून टेबलावर ठेवला, म्हणाली, मेरी येईल तेव्हा तिला द्या, आणि घरी चालत आली. त्या वर्षी आम्ही उपाशी राहिलो, पण बाबा गावभर सांगत फिरले, द्लोमो कुळाची लेक आहे माझी. अशा बहिणीचं नाव मी महिन्याच्या पैशासाठी पांघरू? मग कागदावर कबरीत मी आणि ती कुठेच नाही!

कारकुनाला तोंडावर सांगितलं, मला जिवंत कर आणि माझ्या बहिणीला मरू दे. बिचारा गोंधळला. आता दर सोमवारी कचेरीच्या बाकावर जाऊन बसते. चटया विणून विकते. शेजारीण मामझोलो घेवडा देते आणि वर टोमणाही मारते, की मेलेल्यांना इतकी भूक लागते होय?

काळजी करू नकोस.
ताई

न्कोबो,
९ सप्टेंबर २००३

चि. म्झवांडिले यास उदंड आशीर्वाद.

झालं रे बाबा! जूनपासूनच्या थंडीतही बाक सोडला नाही. शेवटी एक नवी अधिकारीण आली. तिने मुखिया आणि पाद्री यांच्या शपथा घेतल्या, माझे ठसे राजधानीला पाठवले. जुळ्यांचे चेहरे जुळतात, बोटांचे ठसे जुळत नाहीत. परवा तिने बोलावलं. पेन्शन सुरू झालं, थकलेलंही मिळालं. मी विचारलं, आणि माझी बहीण? तिने नोवेलेचा मृत्यूचा दाखला पुढे केला, पण मी घेतला नाही. म्हटलं, नाव मोठ्याने वाच. अधिकारीण उभी राहिली आणि तिने नोवेलेचं माहेरचं, सासरचं, सगळं नाव स्पष्ट वाचलं. बाहेरच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. सोबत आलेल्या मामझोलोने आनंदाने जीभ हलवत असा उलुलू केला की पहारेकरी धावत आला.

तिथून थेट कबरीवर गेले. तिला म्हटलं, नोवेले, आता निवांत नीज. तू तुझ्याच नावाने गेली आहेस.

मग इतके दिवस आवरून धरलेलं रडून घेतलं आणि पोरांसाठी मटण घेऊन घरी आले.

नाताळला ये. आपल्या माणसांचा विसर पडू देऊ नकोस.
तुझी,
नोझुको