वामकुक्षीचा सर्वांगीण अभ्यास

१४ सप्टेंबर, सकाळी

आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांच्या रोजनिश्या त्यांच्या माघारी छापतात, म्हणून अक्षर नीट काढतो आहे.

निश्चय: या खेपेला प्रोफेसर व्हायचंच. मागच्या वर्षी प्रमोशन कमिटीने माझा अर्ज परत पाठवला. शेरा असा, की डॉ. रऊफ हात सगळ्याच विषयांना लावतात, धरत एकही नाहीत. मी याला कौतुक समजतो. माझी बायको इन्साफ समजत नाही. ती म्हणाली, एक ना धड, भाराभर चिंध्या.

पण आता वेळ नाही. रीमचं लग्न ईदनंतर. एकुलती एक मुलगी. नाईलकाठच्या आमच्या दमिएत्तात लग्नपत्रिका हातात पडली की लोक आधी वधूपित्याच्या नावामागे काय लावलंय ते बघतात, नवरीचं नाव मग. व्याही हाजी सबरी यांचा फर्निचरचा कारखाना आहे. साखरपुड्याला त्यांनी विचारलं, आपण प्रोफेसर ना? मी म्हणालो, जवळपास. त्यातलं 'जवळपास' त्यांनी सोडून दिलं आणि त्या दिवसापासून सगळ्या गोतावळ्याला माझी ओळख प्रोफेसर म्हणूनच करून देतात. माणूस मोकळ्या मनाचा आहे. त्याला खोटं पाडणं बरं नाही.

एक पेपर कमी पडतो आहे. कमिटी मार्चच्या शेवटी बसते. म्हणजे वेळच वेळ.

१५ सप्टेंबर

विषय सुचला नाही. जेवणानंतर जरा आडवा झालो.

साडेपाच. सुचला! डोळे उघडले तो विषय उशीवरच होता. दुपारची झोप! भौतिकशास्त्रवाल्यांना खिडकीच्या झडपांतून येणारा उजेड, साहित्यवाल्यांना जुन्या कवितांतली दुपार, शिक्षणशास्त्राला झोपून उठलेल्या मुलांचे मार्क, आरोग्यवाल्यांना ब्लडप्रेशर. विज्ञान, कला, शिक्षण, आरोग्य, सगळ्या फॅकल्ट्या एका उशीवर. शीर्षकही ठरवलं: 'वामकुक्षीचा सर्वांगीण अभ्यास'.

इन्साफला सांगितलं. ती म्हणाली, जन्मभर केलंत तेच आता पगार घेऊन करणार म्हणायचे.

१८ सप्टेंबर

कॉलेजात शेजारच्या खोलीत बसणाऱ्या लबीबला विषय सांगितला. हा लबीब गेली कित्येक वर्षं तिसरीतली मुलं वजाबाकीत हातचा का विसरतात, एवढ्यावरच काम करतो आहे. बस. दुसरं काही नाही. दर मंगळवारी धुळीत माखून कुठल्या तरी खेड्यातल्या शाळेतून येतो. विहिरीतला बेडूक. त्याने विचारलं, तू नेमकं काय शोधणार? मी म्हणालो, सगळं. तो म्हणाला, मग सापडलं की सांग. बिचाऱ्याला हेवा वाटला.

७ ऑक्टोबर

टीम जमली. फिजिक्सचे वजदी, साहित्याच्या नवालबाई, नर्सिंगच्या सिहाम. चहा माझ्या खोलीत. एका ताटलीत मशब्बकही ठेवली होती. ती जिलबीसारखीच, पण आमच्या गावची म्हणून जास्त चांगली. वजदींनी तिचे तीन तुकडे खाऊन संशोधनाला पाठिंबा दिला.

नवालबाई वयाने आणि जिभेने आम्हा सगळ्यांहून मोठ्या. म्हणाल्या, जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचल्यास का रे? मी म्हणालो, बाई, सूचना विद्यार्थ्यांनी वाचायच्या असतात. त्या म्हणाल्या, असं होय. माझं म्हणणं पटलं असावं.

निश्चय: सूचना उद्या वाचायच्या.

२९ ऑक्टोबर, दुपारी

सिहामने माझ्यावरच पहिला प्रयोग केला. दंडाला पट्टा बांधून झोपवलं. झोप उत्तम लागली. पुढच्या कॉटांवर तीन विद्यार्थी होते. म्हणे माझ्या घोरण्याने त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही, उलट त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं. सिहाम फार सौम्य मुलगी आहे. म्हणाली, सर, तुमची आकडेवारी इतकी वेगळी आहे की सरासरीत बसत नाही, ती आपण बाजूला ठेवू.

असामान्य नमुना! मी घरी सांगितलं. इन्साफ म्हणाली, हे मला लग्न झालं त्याच दिवशी कळलं होतं.

१२ नोव्हेंबर

शिक्षणशास्त्राचा भाग, म्हणजे माझा. हॉलमध्ये सतरंज्या घालून खेड्यांतल्या शाळांच्या तिसरीतल्या मुलांना झोपवलं. योजना अशी: थोडी झोप, लगेच गणिताची परीक्षा. झोपेचा भाग शंभर टक्के यशस्वी. परीक्षेला कोणी उठलंच नाही. खेड्यांकडे जाणाऱ्या शेवटच्या बसेस निघून गेल्या. मग पालकांचे फोन. एका मुलीच्या आईने विचारलं, आम्ही पोरीला शिकायला पाठवतो की झोपायला? तिला म्हटलं, बाई, या विषयात दोन्ही एकच आहे. तिने फोन आपटला.

मुलांना घरी पोचवायला लबीब त्याच्या जुन्या गाडीने चार खेपा मारून आला. बरं झालं, त्यालाही मोठ्या संशोधनात थोडा वाटा मिळाला.

३ डिसेंबर

वजदी उजेड मोजायचं यंत्र झडपेला टांगून गेले. दुपारी डोळ्यांवर लकाकत होतं म्हणून मी झडपा बंद केल्या. वजदींना आठवडाभर काळोखच काळोख मिळाला. ते संतापले. मी समजावलं, काळोख हाही एक निष्कर्षच.

नवालबाईंचा भाग मात्र तयार आहे. त्या म्हणतात, जुन्या कवितेत दुपारी झोपतो तो पहारेकरी. कवी जागा असतो आणि प्रेयसीला भेटायला पहारेकरी कधी झोपतो याची वाट बघत असतो. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तू पहारेकऱ्यांतला. अधिकाराची जागा आहे ती. मला आवडलं.

२१ डिसेंबर

हाजी सबरी सहकुटुंब जेवायला. इन्साफने मुलुखियाची पातळ पालेभाजी, भरलेलं बदक, भात, सगळं केलं होतं. बाहेरगावचे लोक दमिएत्ताच्या कंजूषपणावर विनोद करतात, की आमच्याकडे रात्री पाहुणा आला तर आम्ही विचारतो, जेवणार, की हलकं झोपणार? हलकंच बरं! हाजींनी तो विनोद स्वतःच सांगितला आणि बदकाची दुसरी तंगडी उचलली.

मग म्हणाले, प्रोफेसर, पत्रिकेचा नमुना छापखान्याला ईदआधी द्यावा म्हणतो. रीमने माझ्याकडे पाहिलं. तिला खरं काय ते ठाऊक आहे. मी म्हणालो, अवश्य. ताट आवरताना ती हळूच म्हणाली, बाबा, मला नुसतं 'डॉक्टर' चालतं. तिला चालतं म्हणून काय झालं? मला चालत नाही.

निश्चय: उद्यापासून दुपारी झोपायचं नाही.

२२ डिसेंबर

झोपलो. एकच. शेवटची.

२५ जानेवारी

पेपर तयार! खरं सांगायचं तर सिहामने जुळवला, नवालबाईंनी भाषा तासली, वजदींनी काळोखाचे तक्ते काढले. पण कल्पना माझी. उशी माझी.

आज फक्त नावांचा क्रम ठरवायचा होता. त्यावर अख्खा दिवस गेला. आपल्याकडे दोन माणसं एका दारापाशी आली की आधी तुम्ही, छे, आधी तुम्ही, यातच चहा गार होतो. इथे तर चार डॉक्टर. वजदी म्हणाले, नवालबाई वयाने मोठ्या, त्या आधी. नवालबाई म्हणाल्या, राबली सिहाम, ती आधी. सिहाम लाजून म्हणाली, डीनसाहेबांच्या परवानगीशिवाय हॉल मिळाला नसता, त्यांचं नाव आधी. डीन फिक्रींना फोन लावला. त्यांनी एकदाही 'छे छे' म्हटलं नाही. आयत्या बिळावर नागोबा. वर म्हणाले, उपडीनही घ्या, वाईट दिसतं. आणि माझ्या पुतण्याने टायपिंग केलंय, पोराचं नाव कुठेतरी टाका.

मी यजमान. पाहुणे आत गेल्याशिवाय यजमानाने उंबरा ओलांडायचा नसतो. म्हणून सगळ्यांची नावं आधी आणि माझं शेवटी. नवालबाई म्हणाल्या, वेड्या, प्रमोशन तुला हवंय ना? मी म्हणालो, बाई, मोठेपणा मागून उठून दिसतो.

काय बोललो! हे वाक्य रोजनिशीत जपून ठेवावं असं आहे.

१० फेब्रुवारी

जर्नलने पेपर स्वीकारला. मार्चच्या अंकात येणार. कमिटीच्या आधी! अर्ज भरला. पेपराचं शीर्षक मोठ्या अक्षरात लिहिलं.

हाजींना फोन केला. म्हटलं, छापा 'प्रोफेसर'. इन्साफ म्हणाली, अंक हातात तरी येऊ द्या. बायकांचा शास्त्रावर विश्वास नसतो.

३ मार्च

रमजान लागला. अख्खं गाव दुपारी झोपतं. माझ्या संशोधनाची एवढी मोठी साक्ष आणि एकही डीन जागा नाही ती बघायला.

१९ मार्च, रोजा सुटल्यावर

अंक आला.

मी आधी मशब्बकचा मोठा डबा घेऊन आलो. इन्साफ, रीम समोर बसल्या. पान उघडलं. शीर्षक झकास. त्याखाली नावं: फिक्री, नवाल, सिहाम, वजदी, उपडीन, पुतण्या. आणि त्यानंतर, 'आणि इतर'.

जर्नलचा नियम आहे म्हणे. सहा नावं छापायची, बाकीच्यांना 'इतर'. लेखकांसाठीच्या सूचनांत पहिल्याच पानावर आहे.

इतरांत मी एकटाच आहे.

रीमने डबा उघडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. खाल्ला. कशाची चव लागत नव्हती.

२० मार्च

संपादकांना फोन. म्हणाले, अंक वाटून झाला, पुढच्या वर्षीच्या शुद्धिपत्रात बघू. डीन म्हणाले, रऊफ, मनाला लावून घेऊ नका, पेपर सगळ्यांचा आहे. पुतण्या फोनवर म्हणाला, सर, माझा पहिलाच पेपर! आनंदाने रडत होता. त्याचं अभिनंदन केलं.

कमिटीला पत्र लिहिलं, की 'इतर' म्हणजे मी. नवालबाईंनी न मागता त्यावर सही केली. म्हणाल्या, गाढवा, तुझंच नाव पहिलं हवं होतं.

६ एप्रिल

कमिटीचा निकाल. 'प्रस्तुत पेपरवर अर्जदाराचं नाव आढळत नाही. शिवाय हा पेपर विज्ञानाचा, साहित्याचा, शिक्षणशास्त्राचा की आरोग्याचा, याचा निर्णय होऊ शकला नाही.'

लबीब प्रोफेसर झाला. हातच्यावर!

तो भेटायला आला. पेढेबिढे काही नाही, खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, त्या दुपारी झोपलेल्या मुलांना घरी सोडत होतो ना, त्यातल्या एकाने गाडीत पहिल्यांदा हातचा बरोबर घेतला. झोपेने असेल, बघ ना जरा. तू आणि मी मिळून बघू. मी विचारलं, नाव कोणाचं आधी? तो हसला. मी हसलो नाही. पण त्याच्यासाठी चहा मात्र मीच आणला.

७ एप्रिल

रात्रभर डोळा लागला नाही. जन्मात पहिल्यांदा दुपारीही नाही.

पत्रिका अजून छापायच्या आहेत. हाजींना सांगायलाच हवं. इन्साफ म्हणाली, मी सांगते. मी म्हणालो, नको. एवढं तरी माझ्या नावावर असू दे.

८ एप्रिल, संध्याकाळी

हाजींना फोन केला. एका दमात सांगून टाकलं: प्रोफेसर नाही, झालो नाही, होईन असं वाटत नाही. पलीकडे रंधा चालू होता. तो थांबला. मला वाटलं, मोडलं लग्न. पोरीच्या नशिबात माझ्या उशीने माती कालवली.

हाजी हसायला लागले. म्हणाले, अहो, माझ्या कारखान्यात टाय बांधून जो येतो त्याला पोरं प्रोफेसरच म्हणतात. मला तुमची मुलगी हवी आहे, तुमचं प्रमोशन नको. आणि ऐका, पत्रिकेवर माझं ठरलंय: तुमचं नाव पहिलं, माझं त्याखाली. मुलीचा बाप आहात.

डोळे भरून आले. पहिलं नाव. छापील. मोठ्या अक्षरात. गावभर वाटलं जाणार. इन्साफ जवळच उभी होती, तिनेही ऐकलं. तिचा चेहरा खुलला.

आणि माझ्या तोंडातून गेलं, छे छे, हाजीसाहेब, आधी तुम्ही.

ते म्हणाले, नाही, तुम्ही. मी म्हणालो, शक्य नाही, तुम्ही. ते म्हणाले, अहो, खरंच तुम्ही. मी म्हणालो, माझी शपथ आहे. ते म्हणाले, बरं, शपथ मोडवत नाही. छापखान्यात आत्ताच सांगतो.

फोन ठेवला. इन्साफने स्वयंपाकघरात जाता जाता विचारलं, जेवणार, की हलकं झोपणार?

सडकून भूक लागली होती. मुलुखियाचा वास येत होता.

म्हणालो, छे छे, आधी तुम्ही जेवा.

ती जेवायला बसली.